पावणेसातची पहिली गाडी

आमच्या गोरेगावच्या स्टँडवर एखादा परगावचा माणूस विचारतो, "हिंगोलीची जीप किती वाजता आहे?" आणि आजूबाजूचे चारजण त्याच्याकडे बघून हसतात. जीपला वेळ नसते. जीप भरली की निघते. एक गाडी नंबराला लागते, ती सुटली की मागची पुढे सरकते. तोवर लोक सीटवर रुमाल टाकतात, पिशवी ठेवतात आणि चहाला जातात. पिशवी आहे म्हणजे माणूस आहे, असं धरायचं. प्रेमदास आडे गेली वीस वर्षं असंच धरत आला होता.

प्रेमदास गावापलीकडच्या तांड्यावरचा. तांड्याचा रस्ता खडबडीत, म्हणून त्याची जीप मुक्कामाला आमच्या अंगणात, लिंबाखाली. पहाटे तो मोटारसायकलवर येतो, मागे त्याची लेक कोमल. मोटारसायकल आमच्याकडे ठेवतो, जीप काढतो. कोमल हिंगोलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. जीपची पुढची, डाव्या हाताची सीट तिची. कितीही गर्दी असो, तिथे प्रेमदास दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. तांड्यावरून कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी, हे तो स्वतः कधी सांगत नाही, पण दुसऱ्याने सांगितलं की गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

या माणसाला नव्या वर्षाच्या संकल्पांचा भारी सोस. एका वर्षी तंबाखू बंद. ती संक्रांतीच्या आधीच सुरू झाली. एका वर्षी रोज सकाळी चालणार होता. तीन दिवस चालला, चौथ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, तांड्याची कुत्री वळखंना मला पायी." एका वर्षी राग सोडला होता. तो त्याने एक तारखेलाच दुपारी परत घेतला. स्टँडवरचा दुसरा जीपवाला फुलसिंग तर दर जानेवारीत मोठ्याने दिवस मोजायचा, "आज तिसरा! उद्या सुटणार!"

यंदा एकतीस डिसेंबरला दुपारी तो कॅलेंडरचा फाडलेला कागद घेऊन आला. मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आमच्या घरी लग्नपत्रिकांवर नावं घालायला अर्धं गाव येतं, माझं अक्षर बरं आहे म्हणून.

"वहिनी, एवढं चांगल्या अक्षरात लिहून द्या. गाडीत लावतो."

कागदावर सात कलमं होती. तंबाखू, राग, मोबाईल, योगासनं, गाडीला नवा रंग, घरच्यांना वेळ देणे. सातवं होतं, टेन्शन घेणे बंद.

आमचे हे, व्यंकटराव, तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यावरून कागद वाचला. "प्रेमदास, हा संकल्प आहे की जाहीरनामा?"

प्रेमदास हसला नाही. एरवी यांच्या बोलण्यावर पहिला तोच हसतो. मी शेंगांची परात बाजूला सारली.

"काय झालं?"

"कोमल म्हणली, उद्यापासून एसटीनं जाते." तो खांबाला टेकून खाली बसला. "आठला प्रॅक्टिकल राहते तिचं. आठ वाजले की दार बंद करतात. या दोन महिन्यात पाच बार बाहेर उभी राहिली. काल मी म्हणलो, बाई, एसटी सहाची, थंडीत काहून जातीस, आपली गाडी हाये ना. तर म्हणली, बापू, तुमची गाडी लोकाची हाये. लोक आले की निघती. माझी न्हाई ती."

कोमल काही उद्धट मुलगी नाही. हळू बोलते, पण बोलते ते तोलून. म्हणूनच त्याला लागलं होतं.

"आणि त्यावर तुम्ही योगासनं करणार?"

"मंग काय करू?"

"पहिली जीप किती वाजता निघते?"

"भरली की."

"किती वाजता भरते?"

"ते पॅसेंजरच्या हातात हाये, वहिनी."

"आणि किल्ली कोणाच्या हातात आहे?"

तो खिशातली किल्ली काढून उगाच तिच्याकडे बघत राहिला. मग जोरजोरात मान हलवली. "न्हाई, न्हाई. अर्धी गाडी काढली तर मागचे पॅसेंजर बराबर फुलसिंगला. सारा स्टँड हसंल."

"दिवसभराच्या फेऱ्यांचं मी म्हणतच नाही. फक्त पहिली. आणि वर्षभराचंही नको. संक्रांतीपर्यंत."

"चौदाच दिवस?"

"तुमची तंबाखू किती दिवस टिकली होती?"

आता मात्र तो हसला. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लाल स्केचपेनने लिहून दिलं: पहिली गाडी पावणेसातला निघेल. खाली त्याच्या सांगण्यावरून अजून एक ओळ: पिशवी बसली म्हणजे माणूस बसला असे नाही. कागदावरची सातही कलमं त्याने घडी करून खिशात ठेवली, पुढच्या वर्षासाठी.

कोमलला त्याने संध्याकाळीच सांगितलं. ती म्हणाली, "चौदा दिवस बघते. तवर एसटीनंच जाते." म्हणजे सहाच्या एसटीसाठी साडेचारला उठायचं आणि हिंगोलीत कॉलेजच्या बंद फाटकापाशी पाऊण तास थांबायचं. तिला ते चालणार होतं.

एक तारखेला पावणेसातला जीपमध्ये चार माणसं, तीन पिशव्या आणि एक छत्री होती. प्रेमदासने हॉर्न दिला. चहाच्या टपरीवरून कोणी मान वळवली नाही. दुसरा हॉर्न दिला. फुलसिंग ओरडला, "वाजव, वाजव, नवं वर्ष हाये!" आणि गाडी निघाली. टपरीवर एकदम पळापळ झाली म्हणतात. एक मास्तर हातात कप घेऊनच पळत होते.

दुसऱ्या दिवशी फुलसिंगने टपरीवाल्याला बजावलं, "याच्या गिऱ्हाइकाला चहा देऊ नको, प्रेमदासच्या डोक्यात घड्याळ घुसलं." प्रेमदास रोज डावी सीट मात्र रिकामी ठेवून जायचा. गाडीत दाटी झाली आणि कोणी तिथे बसू का विचारलं, की म्हणायचा, "ती सीट खराब हाये."

सहा तारखेला मला दाढ दाखवायला हिंगोलीला जायचं होतं. साडेसहाला जाऊन मी मधल्या सीटवर पिशवी ठेवली. पिशवीत फाइल, एक्स-रे आणि डबा. शाल घरी विसरले होते, ती घेऊन हे येत होते, म्हणून मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले. दूरवर हे दिसले, रमतगमत, वाटेत प्रत्येकाशी बोलत. शाल हातात पडली आणि वळून बघते तो जीप वळणाच्या पलीकडे.

पुठ्ठा मी लिहिलेला. ओळ मी लिहिलेली. स्टँडवर सगळ्यांना ते ठाऊक होतं. फुलसिंगने आपल्या गाडीचं दार अदबीने उघडलं. "या वहिनी, आमची गाडी माणसासाठी थांबती." मी त्याच्या गाडीने गेले नाही. रागाने नव्हे, एक्स-रेशिवाय डॉक्टर काय बघणार? घरी आले. हे दिवसभर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

संध्याकाळी कोमल पिशवी घेऊन आली. डबासुद्धा धुऊन आणला होता. "काकू, बापूनं डबा खाल्ला. म्हणले, वाया काहून घालवायचा. अन् म्हणले, वहिनीला सांग, माफ करा, पण पावणेसात झाले होते."

सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. बापाबद्दल बोलताना ती हसतेय, हे मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. "मग उद्यापासून जीपने?" मी विचारलं.

"आज सहा झाले, काकू. चौदा म्हणले मी." वाकून चप्पल घातली आणि गेली. बापाचाच हट्ट.

अकरा तारखेला प्रेमदास भर दुपारी आला. जीप लावली, खाली उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "मोडलं, वहिनी."

"काय मोडलं?"

"पावणेसात झाले. गिअर टाकला. अन् आरशात दिसलं, पेमा येऊन राहिली. आमच्या तांड्यावरची. अंगावर लेकरू, तापानं फणफणलेलं. पळता येईना बाईला. थांबलो." त्याने पुठ्ठ्याकडे बघितलं. "सहा अठ्ठेचाळीसला निघालो."

"बरं केलं."

"बरं केलं ते मालूम हाये. पण दहा दिवसांचं गेलं ना. फुलसिंगनं मोठ्यानं सांगितलं साऱ्यायला. कोमलच्या कानावर गेलं असंल."

तीन मिनिटं काही नाहीत असं म्हटलं असतं, तर दहा दिवस जे पाळलं त्यालाही काही किंमत नाही असं झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या किती वाजता?"

"पावणेसात," तो म्हणाला. मग किल्ली फिरवून दुपारच्या फेरीला गेला.

रात्रीचं मला त्याच्या बायकोने, बेबीबाईने नंतर सांगितलं. भाकरी ताटात तशीच होती. ती म्हणाली होती, तीन मिनिटासाठी कोणी उपाशी झोपतं का? तर हा म्हणाला, "मी पोरीला पावणेसात म्हणलो होतो." कोमल पलीकडे पुस्तक घेऊन बसली होती. तिने पुस्तक मिटलं, उठून बापाच्या ताटात गरम भाकरी वाढली. तीही तशीच राहिली.

बारा तारखेला पहाटे मोटारसायकलचा आवाज आला. मी दार उघडलं तर प्रेमदासच्या मागे कोमल. संक्रांतीला अजून दोन दिवस होते.

"काय गं, चौदा झाले का?" मी विचारलं.

"न्हाई, काकू." तिने डाव्या सीटवरची धूळ ओढणीने झटकली. अकरा दिवस तिथे कोणी बसलंच नव्हतं. "पण काल तीन मिनिटं हुकली तर बापू जेवले न्हाईत. आता अजून काय मोजू?"

प्रेमदास बोनेट उघडून पाणी बघत होता. ते बघायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

"बापू," कोमलने आतून आवाज दिला, "साडेसहा वाजून गेले. स्टँडवर कवा जायचं?"

संक्रांत होऊन गेली तरी पुठ्ठा गाडीत आहे. आता हॉर्न कोमल देते, आणि टपरीकडे बघून नावं घेऊन हाका मारते, "मास्तर, कप ठेवा!" लोक येतात. पावणेसातला गाडी जवळजवळ भरलेलीच असते, कारण ती निघणार हे सगळ्यांना माहीत आहे. फुलसिंग परवा मला विचारत होता, "वहिनी, तुमच्यापाशी अजून एखादा पुठ्ठा हाये का? दुसऱ्या गाडीसाठी?"

माझी दाढ मी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात दाखवून आले. पिशवी मांडीवर घेऊन सव्वासहापासून गाडीत बसले होते. प्रेमदासने आरशातून मला बघितलं, मग पिशवीला बघितलं, आणि गिअर टाकला.