पेन्शनीचा हिस्सा आणि हुकमातली बाई

घटस्फोट झाला आणि नवऱ्याच्या पेन्शनीतला तिसरा हिस्सा दर महिन्याला मला द्यावा असा कोर्टाने हुकूम केला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. घाईच झाली. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. माझ्या कामाने सहा महिन्यांनाही लाजवलं.

मी सोनईला भावाकडे राहत होते. भाऊ-भावजय कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला जड जायचं. नगरच्या कचेरीत खेटा घालायचा म्हणजे आधी भावापुढे उभं राहून तिकिटाचे पैसे मागायचे. पन्नाशी उलटलेल्या बाईला मागताना काय वाटतं, ते मागणारीलाच ठाऊक. नगरमध्ये मी एक खोली हेरून ठेवली होती. घरमालकीण म्हणाली, पाडव्यापर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देते. पेन्शन आली तर ती खोली, नाही तर भावाच्या घरातला कोपरा जन्मभर.

घोडं अडलं होतं नावापाशी. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात. कोर्टाच्या हुकमात ते सासरचं नाव होतं. मी मात्र सासर सोडल्याबरोबर आधार कार्ड आणि बँकेचं खातं, दोन्ही शाळेच्या दाखल्यावरच्या माहेरच्या नावाने करून टाकलं होतं. रागच तसा होता. आजही करीन.

कचेरीतला कारकून म्हणाला, "हुकमातली बाई वेगळी, खात्यातली बाई वेगळी. पैसे द्यायचे कुणाला?"

"दोघींना द्या," मी म्हटलं, "अर्धे अर्धे."

त्याला हसू आलं, पण फाईल हलली नाही. पुढे बऱ्याच खेट्यांनंतर त्यानेच सुचवलं: या दोन्ही बाया एकच, असं सासरच्या कुणीतरी प्रतिज्ञापत्र करून द्यावं.

सासरचं माणूस माझ्यासाठी कशाला येतंय? घटस्फोटानंतर त्यांच्यातल्या कुणी साधा फोनही केला नव्हता. नाक मुठीत धरून मी धाकट्या नणंदेला फोन लावला. ती तिसगावला दिलेली. माझं सासरचं नाव तिनेच सुचवलं होतं. तेव्हा ती शाळेत होती आणि तिच्या आवडत्या बाईंचं ते नाव होतं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कवा यायचं तेवढं सांगा."

आणि आली. कोर्टासमोरच्या नोटरीने तिला विचारलं, "या तुमच्या कोण?"

"वहिनी."

"घटस्फोट झालाय ना? मग वहिनी कशा?"

नणंद तडकली. "आवो, सोडचिठ्ठी माझ्या भावानं दिली. म्या कुठं दिली?"

नोटरीने शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "वन्सं, तुमचा भाऊ काय म्हणेल?"

"म्हनंल ते म्हनंल. तुमच्या हक्काचं हाय." तिने फडक्यातली भाकरी सोडली आणि आम्ही तिथेच कट्ट्यावर बसून खाल्ली.

पाडवा चार दिवसांवर आला होता, तेव्हा मोबाईल वाजला. मागच्या सगळ्या महिन्यांचे पैसे जमा झाले होते. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! भाऊ ओसरीवर बसला होता. म्हटलं, "दादा, उद्या नगरला जायचंय."

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"राहू दे. पेन्शन आली. खोलीचं पक्कं करायला जातेय."

हात मागे घेऊन तो म्हणाला, "मंग आमाला जेवायला कवा बोलावतीस?"

आपल्या घरी कुणाला जेवायला बोलवायचं असतं, हे मी पार विसरून गेले होते. हसता हसता रडूच फुटलं.

"थांब की," म्हटलं, "आधी तवा तर घेऊ दे!"