पाहुण्यांचा रकाना

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या कॉलनीत बत्तीस घरं होती आणि नळ एकालाही नव्हता. शहर बिडकीनच्या दिशेनं वाढत गेलं, पाइपलाइन मागंच राहिली. दिवसाआड सकाळी सातला दहा हजार लिटरचा टँकर यायचा आणि त्याच्यामागं भांडण. मी उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसात प्रोग्रामर. म्हणून कॉलनीच्या अध्यक्षांनी, एका निवृत्त मास्तरांनी, वाटपाचा प्रोग्राम माझ्याकडे दिला. एक तारखेपासून प्रत्येकाला यादीप्रमाणं पाणी मिळेल, असा शब्द मी सगळ्यांसमोर दिला.

काम साधं होतं. घरातली माणसं मोजायची, त्या प्रमाणात लिटर. दोन संध्याकाळी पुरल्या.

मग लोकांनी माणसं सांगितली. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं घरातच, नांदायला गेलेल्या मुलीही घरातच. रेशनकार्डावर नाव आहे ना! मास्तर म्हणाले, "गेलेले काढा." काढले. मग गावच्या विहिरी आटल्या म्हणून कन्नडकडचे नातेवाईक राहायला आले. "पाहुण्यांचा रकाना टाका." टाकला. एकतीस नंबरचा मालक पुण्याला, आत पाच माणसांचं भाडेकरू कुटुंब. त्यांचं काय?

"घाला की पाहुण्यांतच. आणखी रकाना कशाला?"

मी दर वेळी म्हणायचो, "सर, एकदा कागदावर लिहून सही करा."

"अहो, आपण घरची माणसं. सही काय मागता? एक ओळ तर बदलायचीय."

ओळ बदलायला तीन मिनिटं लागत. तिनं आणखी काय बिघडवलं ते शोधायला तीन तास. एक तारखेपर्यंत असे नऊ बदल झाले.

दहावा त्याच सकाळी आला, टँकर वळणावर दिसत असताना. रात्रीच्या बैठकीत पाहुण्यांवरून जुंपली होती. "पाहुणे काढून टाका. ज्याचा पाहुणा त्यानं बघावा." मी काढले, यादी छापली आणि न तपासता दिली.

शेवटी एकतीस नंबरची बाई दोन ड्रम घेऊन पुढं आली. तिच्या घरासमोर शून्य. मालक गेलेल्यांत गेला होता, ही पाहुण्यांत. तिला सोडून हिशेब झालेला, त्यामुळं पाणी बाकीच्यांत पुरतं वाटलं गेलं होतं.

"पाच माणसं हाव की आम्ही, भाऊ. शून्य कसं काय?"

मास्तर म्हणाले, "कॉम्प्युटरनं घोळ केला, बाई."

मला संताप आला. पण भाडेकरू पाहुणे नसतात, हे रकाना भरतानाच मला कळत होतं आणि मी वाद टाळला होता. आम्हा चौघांच्या तीनशे वीस लिटरमधले दीडशे तिच्या ड्रममध्ये ओतले. बायकोनं धुवायला काढलेले कपडे परत गाठोड्यात बांधले.

संध्याकाळी सातला मास्तर दारात. "भाडेकरूंचा वेगळा रकाना करा. आणि अजून एक बारीकसं..."

मी वही आणि पेन पुढं केलं. "लिहा, सर."

"चष्मा घरी राहिला हो."

"घेऊन या. पुढच्या टँकरला छत्तीस तास आहेत. मी बसलोय."