नंतर जोडलेल्या ओळी

बायबल शिकवणाऱ्या आणि वर त्यावर ब्लॉग लिहिणाऱ्या लोकांची एक जमात आहे, आणि मी त्यातली. मराठीत आम्ही मूठभरच. कोणी नगरकडे, कोणी नाशकात, मी दादरला एका लहानशा बायबल वर्गात शिकवते. एकमेकांचं लिहिलेलं वाचायचं, खाली प्रतिक्रियांमध्ये भांडायचं, आणि दर महिन्याला एकाने बाकीच्यांचे लेख निवडून आपल्या ब्लॉगवर मांडायचे, असा आमचा रिवाज. त्याला आम्ही पंगत म्हणतो. वाढपी दर महिन्याला बदलतो. वाचणारेही बहुतेक आम्हीच, त्यामुळे मला कधी कशाची भीती वाटली नव्हती.

त्या महिन्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. आई परळला इस्पितळात होती. पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन ठरलं होतं. नगरच्या वाढप्याला वाटलं, बाईंचं पान रिकामं नको. त्याने माझा एक जुना लेख शोधला आणि त्याला स्वतःच्या पदरचा चटकदार मथळा दिला: ‘आजाऱ्यांवर हात ठेवण्याचं वचन मागाहून घुसडलेलं?’ चांगुलपणाने केलं हो सगळं. अशा चांगुलपणाचं करायचं काय?

लेख आई धडधाकट असतानाचा. बायबलात प्रभूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं आहेत; त्यांतल्या सगळ्यांत लहान शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती एका विचित्र जागी थांबतात. प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी गेलेल्या बायका घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि संपलंच. पुढच्या ओळी कोणीतरी नंतर जोडल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. विश्वासणाऱ्यांनी हात ठेवले की आजारी बरे होतील, हे त्या जोडलेल्या ओळींमधलंच. मीही तसंच मानते, आणि वर्गात ते सांगताना विद्यार्थ्यांचे चेहरे पडतात त्याची मला जरा मजाही वाटते.

आई मात्र त्याच ओळीवर तग धरून होती. रोज संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या भगिनी यायच्या, तिच्या कपाळावर हात ठेवून ते वचन म्हणायच्या, आणि ती डोळे मिटून ऐकायची. मी त्या वेळी चहा आणायला खाली जायचे. थर्मास भरलेला असला तरी जायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वर्गात होते. फोन वाजला म्हणून पाहिलं, तर भगिनी मंडळाच्या ग्रुपवर पंगतीची लिंक. खाली रडके चेहरे, जोडलेले हात आणि एकीचा प्रश्न, ‘ही आपल्या बाईंचीच मुलगी ना?’ बाई म्हणजे माझी आई, आणि ती त्या ग्रुपात होती.

डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, पेशंटने धीर सोडता कामा नये. तो धीर कशावर उभा आहे हे मला ठाऊक होतं. वर्ग सोडला, टॅक्सी पकडली. आई फोन उचलेना. तिच्याजवळ बसलेल्या शेजारच्या काकीही उचलेनात. लालबागच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या या मालवणी काकी एरवी पहिल्या रिंगला उचलतात.

हिंदमाताच्या चौकात टॅक्सी अडकली ती अडकलीच. मी ब्लॉग उघडून लेख उडवायला गेले. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. शेवटी लेख गेला, त्याखालची आमची सगळी भांडणंही गेली. मग पंगत उघडली, तर नगरच्या शहाण्याने अख्खा लेख तिथे चिकटवून ठेवलेला. टॅक्सीवाल्याच्या हातात पैसे कोंबले आणि चालत सुटले. मला दिसत होतं ते एकच. उद्या सकाळी आईला आत नेतील, आणि तिच्यापाशी काहीच नसेल.

वॉर्डात काकी आईचा फोन नाकाशी धरून बसल्या होत्या.

“इलंस? बस. तुझा लिवलेला आवशीक वाचून दाखवतंय. तिचो चष्मो घरी रवलो. मदी फोन वाजले, पण वाचूचा मोडात म्हणान उचलूक नाय.”

“सगळं वाचलंत?”

“सगळा. माका काय कळूक नाय, पण लिवलंस बरा.” असं म्हणून काकी बाटली घेऊन पाणी भरायला गेल्या.

आई छताकडे बघत होती. मी स्टुलावर टेकले.

“आई, ते अभ्यासाचं असतं गं. जुनं आहे. मनाला लावून घेऊ नकोस.”

“त्या बायका घाबरल्या, ते तरी खरं ना? की तेही कोणी नंतर घातलं?”

“नाही. ते मुळातलंच आहे.”

“मग बरं.” तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. “सगळ्या येतात आणि सांगतात, विश्वास ठेव, भिऊ नकोस. मला फार भीती वाटते गं. सांगायची कोणाला?”

नवऱ्याच्या मागे मला एकटीने वाढवलेली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत दांडगट पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी ही बाई. तिच्या तोंडून भीती हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. टॅक्सीत वाटली त्याहून कितीतरी जास्त भीती मला तेव्हा वाटली.

“मलाही वाटते,” मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर भगिनींचे आवाज आले. सवयीने मी उठले आणि थर्मास उचलला.

“कुठे चाललीस?”

“चहा आणते.”

“ती ओळ कोणी का लिहिली असेना,” आई म्हणाली. “परक्या बाया रोज येऊन हात ठेवतात. तू एकदाही ठेवला नाहीस.”

मी थर्मास खाली ठेवला. तिचं कपाळ गार होतं आणि घामाने ओलं. म्हणायला माझ्यापाशी वचन नव्हतं, म्हणून नुसताच हात ठेवला. तिने माझं मनगट धरलं, आणि भगिनी पलंगाभोवती येऊन उभ्या राहिल्या तरी सोडलं नाही.