कमरेभोवती नागीण

हसू नका हं, पण गेल्या हिवाळ्यात न्यूझीलंडमध्ये रोटोटुनाला, मुलाच्या घरी, मी मरता मरता वाचलो. म्हणजे, मला तसं वाटलं होतं!

झालं काय, डाव्या कुशीवर नुसती आग व्हायला लागली आणि मग पाण्यानं भरलेल्या पुळ्यांची रांगच उठली. नागीण! पुण्याला बायकोला फोन लावला.

"नवा लाल करदोटा बांधा आधी," ती म्हणाली. "तिची वाट अडेल. आणि लक्ष ठेवा. कमरेला वेढा घालून तोंड-शेपूट एक झालं की संपलं!"

आता हे काय नवऱ्याला सांगायचं झालं? पण बांधला. मुलाला-सुनेला मात्र चकार शब्द बोललो नाही. उगाच त्यांना सुट्टी कशाला घ्यायला लावा?

त्या दुपारी घरात मी एकटा. बाहेर धुकं इतकं, की समोरचं घर दिसेना. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. घरात एवढी शांतता, की मला माझाच श्वास ऐकू येत होता. कढत पाण्यानं अंघोळ केली, आरशावरची वाफ पुसली आणि पाहतो तर काय? उजवीकडूनही लाल रेघ! पाठीकडून निघून थेट बेंबीपर्यंत. वेढा पूर्ण!

अंगावर सरसरून काटा आला. परक्या मुलखात, टॉवेलवर मरायचं? तसाच सुनेला फोन केला.

"ऋचा, लवकर ये गं. समीरलाही कळव. भेट झाली तर झाली."

ऋचा शाळेतून नातीला उचलून धावत आली आणि मला डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. मी डोळे मिटून शर्ट वर केला. बाईंनी उजवीकडे ओला कापूस फिरवला. कापूस लाल, आणि अर्धी नागीण गायब! करदोट्याचा रंग गेला होता हो!

"ही एकाच बाजूला असते," बाई म्हणाल्या. "वेढा घालत नाही. पण डावीकडची खरी आहे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या? त्यांचाच विषाणू हा. तेव्हापासून मणक्याजवळच्या पेशींत गप्प बसून आहे."

खरं सांगतो, वेढ्यापेक्षा हे ऐकून जास्त टरकलो. माझं लग्न, नोकरी, रिटायरमेंट, हा विमानप्रवास... सगळीकडे हा आत, जागा होण्याची वाट बघत!

गोळ्या घेऊन गाडीत बसलो. मागून मीराचा, म्हणजे नातीचा, प्रश्न आला, "व्हाय कान्ट इट लिव्ह इन इट्स ओन हाउस?"

"त्याला एकट्याला काहीच करता येत नाही गं," ऋचा गाडी चालवता चालवता समजावू लागली. "दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं, तिथलंच सामान वापरायचं, आणि तिची कामं बंद पाडून तिला आपल्याच कामाला जुंपायचं. शेवटी बिचारी पेशी दमून मरते."

मीरानं जरा विचार केला. मग माझ्याकडे बघितलं.

"लाइक आजोबा?"

"शूऽऽ!" ऋचा म्हणाली. 'नाही' मात्र म्हणाली नाही.