कसिनोत पाय लागला

सासरे मकाऊला जाऊन आले होते. टूरवाल्यांनी तिथला कसिनो दाखवला तो जेवणाआधी, पळत पळत, देवळातल्या गर्दीत पुढे ढकलतात तसा. त्यामुळे बाडहूव्हडॉर्प या डच गावी आमच्याकडे आल्यावर ट्यूलिप आणि पवनचक्क्या उरकल्या आणि ते म्हणाले, "जावईबापू, इथला कसिनो निवांत बघू. खेळायचं नाही हं. फक्त बघायचं."

समुद्रकाठच्या कसिनोच्या दारात आमचे पासपोर्ट विमानतळापेक्षा गंभीर चेहऱ्याने तपासले गेले. आत झुंबरं, लाल गालिचा, सोनेरी खांब. "मंगल कार्यालयच की," सासरे म्हणाले. "फक्त कोणी जेवा म्हणत नाही."

पत्त्यांच्या एका टेबलापाशी ते थबकले. एक वयस्कर चिनी गृहस्थ पुढ्यातल्या सगळ्या चिप्स, पैशांच्या त्या रंगीत चकत्या, डावावर लावून पालथं पान कोपऱ्यातून हळूहळू वाकवत होते. मागे त्यांची बायको, सारखी दाराकडे बघत. नीट दिसावं म्हणून सासरे पुढे सरकले आणि त्यांचा बूट गृहस्थांच्या पायाला लागला.

मग आपल्याकडे कोणीही करील तेच त्यांनी केलं. वाकून गृहस्थांच्या गुडघ्याला हात लावला आणि तो स्वतःच्या कपाळाला टेकवला.

डाव चालू असताना खेळणाऱ्याला हात लावणं हा अशा टेबलांवर मोठा अपशकुन, असं मी वाचलं होतं. वाचलेलं नेहमीप्रमाणे उशिरा आठवलं. गृहस्थांनी वळून बघितलं. ती नजर पाहून मी सासऱ्यांचा दंड धरला. मग गृहस्थांनी पान उलटलं.

जिंकले.

आता उठतील असं वाटलं. त्यांनी वाढलेला ढीग सगळाच्या सगळा पुन्हा पुढे सरकवला, सासऱ्यांकडे बघून हसले आणि स्वतःचा गुडघा थोपटला.

त्यांची बायको माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात डचमध्ये म्हणाली, "तुमच्या वडिलांना सांगा, हात लावू नका. लावला तर सगळं घालवेपर्यंत हे उठणार नाहीत."

मी ते मराठीत सांगितलं.

"आणि नाही लावला तर?"

"तर कदाचित उठतील."

"कदाचित?" सासरे कुजबुजले. "अहो, मी जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. आणि इथे या बाईंचं घरदार माझ्या बोटांवर?"

पत्ते वाटणारा डीलर खोळंबला होता. गृहस्थांनी पुन्हा गुडघा थोपटला, या वेळी जोरात. सासऱ्यांनी दोन्ही हात जाकिटाच्या खिशात कोंबले आणि नकारार्थी मान हलवली. गृहस्थ काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत, पण ते बरे नव्हते. मग डीलरने घसा खाकरला, तेव्हा त्यांनी ढीग मागे ओढला.

बायको लगेच चिप्स पर्समध्ये भरू लागली. काही गालिच्यावर पडल्या, तरी ती वाकली नाही. पर्स बंद करून तिने हातावरचा त्यांचा कोट उघडून धरला.

गृहस्थ बसूनच राहिले. आम्हीही हललो नाही. शेवटी त्यांनी एक हात बाहीत घातला. दुसरा अजून टेबलावर होता.