विहिरीजवळचा खूणदगड

नोकरीत हाताखालून शेकडो गुन्हे गेले. बहुतेकांचे नंबरही आता आठवत नाहीत. हा एक मात्र डोक्यातून जात नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी त्या वेळी प्रभारी अधिकारी होतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नावं कुणाचीच देत नाही, कारण ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

अतिवेगवान रेल्वे आमच्या भागातून जाणार अशी बोलवा उठली होती. मोजणीवाले फिरत होते आणि शेतात गुडघाभर उंचीचे, पांढरा रंग दिलेले सिमेंटचे दगड रोवत होते. लासुर्ण्यापासून लोणी देवकरपर्यंत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. बागायती रान किती जाणार, पाईपलाईन तुटली तर पाणी कुठून आणायचं, रुळाच्या पलीकडे ट्रॅक्टर कसा न्यायचा, असे लोकांचे साधे प्रश्न होते. उत्तर देणारा कुणी भेटत नव्हता. आम्हाला काम होतं ते मोजणीच्या बंदोबस्ताचं.

एका सकाळी ठाणे अंमलदाराने फोन दिला. उसाच्या रानात एक शेतकरी मरून पडला होता. मी गेलो तेव्हा बांधावर दीडशे माणूस जमलं होतं. पंचेचाळिशीचा गडी, डोक्याला मागून मार, आणि शेजारीच मोजणीचा पांढरा दगड. मोजणीवाल्यांशी त्याची आदल्या आठवड्यात बाचाबाची झाली होती. त्यामुळे गावाने निकाल देऊन टाकला होता.

"सर्वेवाल्यांनीच मारलाय त्याला. त्यांना धरल्याबिगर आमी बॉडी हलू देनार न्हाय," एक जण म्हणाला. मृताचा थोरला भाऊ त्याच्या शेजारीच उभा होता. साठीचा माणूस, गाव त्याला तात्या म्हणायचं. त्यानेही होकारार्थी मान हलवली.

दुपारी रास्ता रोको झाला. मोजणीच्या कामावर परप्रांतातली दोन तरुण मुलं होती. त्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं, तेव्हा कुठे लोकांनी मृतदेह ताब्यात दिला. एकाच्या हाताला खरचटलं होतं आणि तेवढ्यावरून वरिष्ठांचा फोन आला, अटक दाखवून मोकळे व्हा. मला राग आला. जमाव शांत करायला गुन्हेगार शोधायचा, ही पद्धत मला कधीच पटली नाही. पण खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मीही त्याच वाटेवर होतो. अटकेचे कागद तयार होते आणि त्या मुलांचं आयुष्य माझ्या एका सहीवर अडकलं होतं.

सही राहिली ती गावच्या पोलीस पाटलामुळे. तो ठाण्यात आला, माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच बोलला.

"साहेब, मानसं बघत बसू नका. दगड बघा."

"कुठला दगड?"

"उसातला. त्यो तितं नव्हता. मी भावकीतला हाय, ह्याच्या म्होरं माझ्याच्यानं बोलवत न्हाय."

मी पंचनामा काढून वाचला. "शेजारी मोजणीचा खूणदगड आहे," एवढंच लिहिलं होतं. दगड कुणी उपटून पाहिला नव्हता. सकाळी पंच आणि मोजणीचा इंजिनिअर घेऊन पुन्हा गेलो. इंजिनिअरने यंत्र लावलं आणि म्हणाला, हा दगड जागेपासून शंभर पावलं तरी सरकलाय. उपटला तर खालच्या बाजूला तांबूस मुरूम चिकटलेला होता. उसाचं रान सगळं काळंभोर. मुरूम फक्त वरच्या अंगाला, थोरल्याच्या डाळिंबाच्या बागेत, जिथे दोघा भावांची सामाईक विहीर होती.

तात्याला ठाण्यात बोलावलं. आरडाओरडा केला नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसावर हात उगारला की तो आणखी घट्ट होतो, हा माझा अनुभव आहे. चहा दिला, त्याने हात लावला नाही. मी टेबलावर मुरमाचं ढेकूळ ठेवलं.

"तात्या, ही माती कुठली?"

त्याने ढेकूळ उचलून जवळून पाहिलं. मग म्हणाला, "हिरीजवळची."

"दगड कुणी हलवला?"

"मीच. पोत्यावर घालून वडत नेला. फटफटायच्या आत."

"का?"

"का म्हंजे? दगड हिरीपासनं चार हातावर रोवला व्हता. रेल्वे तितनं गेली म्हंजे हीर गेली. हीर गेली मंग माझी बाग बी गेली आन् त्याचा ऊस बी गेला. त्याच्या रानाच्या कडंला पट्टाभर जमीन गेली आसती, पर हीर दोघांची वाचली आसती. मी त्याला सांगनारच व्हतो."

सांगायच्या आधीच धाकटा विहिरीवरची मोटार चालू करायला त्याच वाटेने आला. आपल्या रानात दगड आणि दगडाशी पहार घेतलेला भाऊ, एवढंच त्याला दिसलं. त्याने दगड उपटायला हात घातला, थोरल्याने त्याला बाजूला ओढलं आणि झटापटीत ढकललं. तो उताणा पडला तो दगडाच्या कडेवरच. पुढे तात्याने काय केलं, तर पहार घरी नेऊन ठेवली आणि गावाबरोबर पुन्हा बांधावर येऊन उभा राहिला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्यानेच घरातून काढून दिलेली पहार पंचांसमक्ष जप्त केली. शवविच्छेदनाचा अहवालही जुळला. दोन्ही मुलांना त्याच दिवशी सोडलं. ती मागे न बघता निघून गेली.

जबाब संपताना तात्याने विचारलं, "साहेब, आता लाईन कुठनं जाईल? त्यो दगड परत हिरीजवळ लावनार का?"

त्या दगडाचा आणि रेल्वेच्या मार्गाचा तसा काही संबंध नव्हता. विमानातून फोटो घेताना जमिनीवर खूण दिसावी म्हणून ते दगड होते. मार्ग कॉम्प्युटरात आखला जायचा आणि तो अजून ठरलाही नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दगड म्हणजे हद्द एवढंच पाहिलं, त्यांना हे कसं कळावं? मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "म्हंजे दगड तितंच ऱ्हायला आसता तरी चाललं आसतं?"

"हो."

"मंग माझा भाऊ कशापायी गेला, साहेब?"

मी ठाण्यात अनेक माणसं रडताना पाहिली आहेत. तो रडला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्या दिवसापासून कोठडीत बोलायचाच बंद झाला. सत्य सांगून मी चूक केली का, हे मला आजही ठरवता येत नाही.

काही महिन्यांनी मोजणी पुन्हा सुरू होणार होती. या वेळी बंदोबस्त देण्याआधी मी हट्टाने गावात सभा घ्यायला लावली. दगड कशासाठी असतो ते इंजिनिअरने सोप्या भाषेत समजावलं. धाकट्याची बायको मागे बायकांमध्ये बसली होती. ती उठून उभी राहिली.

"ह्ये तुमाला आधी ठावं व्हतं का?"

इंजिनिअर म्हणाला, "हो ताई, पहिल्यापासून."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आन् साहेब, तुमाला?"

बंदोबस्ताचा अर्ज घेऊन इंजिनिअर पहिल्यांदा ठाण्यात आला होता, तेव्हा चहा पिताना त्याने मला हे सगळं सांगितलं होतं. लोक उगाच दगडांना घाबरतात म्हणून आम्ही दोघं हसलोही होतो. गावाला सांगणं हे आपलं काम आहे, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. गुन्हा घडल्यावर तो उघडकीस आणणं मी आयुष्यभर शिकलो. घडायच्या आधी दोन वाक्यं बोलणं हेही पोलिसाचंच काम असतं, हे त्या सभेत उभा असताना समजलं.

"व्हय, ठाऊक होतं," मी म्हणालो.

ती खाली बसली.