काकूंनी सोडलेला चहा

मालतीकाकूंचं नाव मी आधी घेतो आणि महादेवाचं मागाहून. महादेव समजून घेईल. काकूंचा भरवसा नाही.

मी सातवीत शाळा सोडली, शिवणकाम शिकलो आणि बार्शीकडच्या गावाहून उज्जैनला आलो. फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागे एका टेलरकडे शर्ट शिवतो. दुकानाला मोरी नाही. लघवीला चौकापलीकडे जावं लागतं आणि तेवढ्या वेळात एक कॉलर होते, म्हणून मी पाणीच पीत नसे. हे शहाणपण मला तीन वर्षांनी भोवलं. एका दुपारी कुशीतून कळ निघाली ती थेट जांघेत उतरली, आणि मी मशीनवरच डोकं टेकलं.

सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात खडा निघाला, अकरा मिलिमीटर. मी टेप धरून पाहिलं, शर्टाचं बटण तेवढंच असतं. डॉक्टर म्हणाले, कापायची गरज नाही, मशीनने बाहेरूनच फोडू, आठ दिवसांनी या, तोवर भरपूर पाणी प्या. दुकानातले मास्टरजी म्हणाले, "सब ऐसेई बोलते हैं, फिर कैंची निकालते हैं." माझा विश्वास मास्टरजींवर बसला. कापण्यातलं मला कळतं. कापलेलं कापड पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. मला काही झालं तर गावी आईला कोण सांगणार, या विचाराने हातातली शिवण वाकडी जाऊ लागली.

महाकालच्या रांगेत उभं राहवणार नव्हतं, म्हणून दुकानाच्या गल्लीतल्या महादेवाच्या लहानशा देवळात गेलो आणि नवस बोललो. देवा, मला कापू देऊ नकोस, खडा पडेपर्यंत दिवसा पाण्याचा थेंब घेणार नाही. खरं तर पाणी न पिण्याची मला सवयच होती, पण हे महादेवाला ठाऊक नसावं असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी देवळातच पुन्हा कळ आली आणि मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. तेवढ्यात पाण्याचा लोटा घेऊन काकू आल्या. गल्लीतच त्यांचं घर, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. पिंडीवर टांगलेल्या भांड्यात त्या रोज पाणी भरतात, हे मला माहीत होतं. पण बोलणं कधी झालं नव्हतं. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं. मराठी ऐकून मी सगळं सांगून टाकलं, नवसासकट.

"तू एकदम पागल आहेस का रे? डॉक्टर म्हणतो पी आणि तू सोडून बसलास?"

"देवाला शब्द दिलाय, काकू."

"त्याने मागितला होता? वर बघ जरा. त्याच्या डोक्यावर दिवसरात पाणी टपकतंय. त्याला स्वतःला एक घटका पाण्याशिवाय चालत नाही, तो तुझं पाणी कशाला बंद करेल?"

मी म्हटलं, नवस मोडला तर खडा मोठा होईल. काकूंनी कपाळावर हात मारला. मग पिंडीकडे वळून, शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या, "हे बघ भोलेनाथ, याचा नवस माझ्याकडे घेतला. याचा खडा पडेपर्यंत मी चहा सोडला. आता याला पिऊ दे." आणि लोटा माझ्या हातात दिला. "पी. आणि मोरीला माझ्या घरी येत जा, लाजायचं नाही."

काकूंचा चहा दिवसाला सहा कप होता, हे मला नंतर कळलं. रोज दहा वाजता त्या दुकानाच्या दारात येऊन गिऱ्हाइकांसमोर विचारायच्या, "पडला का रे?" त्यांचं डोकं दुखायचं, आवाज वाढत चालला होता. मास्टरजीसुद्धा माझ्या खड्यासाठी प्रार्थना करू लागले.

ठरल्या दिवशी काकूच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. टेबलावर झोपवलं, पाठीला पाण्याची मऊ उशी लावली आणि सांगितलं, "हलू नका." मशीन टकटक करू लागली, अगदी माझ्या शिलाई मशीनसारखी, फक्त सुई नव्हती. मी नामस्मरण सुरू केलं, पण मशीनचा वेग जास्त होता. शेवटी जप सोडला आणि नुसता पडून राहिलो. देवाला अटी न घालता मी आयुष्यात पहिल्यांदाच काही केलं असेल, तर ते हे.

घरी लघवी गाळून बघायला सांगितलं होतं. मी अस्तराचं पातळ कापड वापरलं. चौथ्या दिवसापासून त्यावर जाड्या मिठासारखे कण येऊ लागले. पुन्हा सोनोग्राफी झाली, खडा गेला होता. कणांची पुडी घेऊन धावत काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "आधी आधण ठेवते, मग बघते."

आईला त्यानंतरच फोन केला. ती रडत म्हणाली, "किती टाके पडले रे?" एकही नाही म्हटलं, तर तिला खरंच वाटेना.

काकूंचं हे मला एक दिवस फेडायचं आहे. त्यांच्यावर कसली वेळ न येवो, पण आलीच, तर त्यांचा नवस मी माझ्याकडे घेईन. चहा सोडेन, भात सोडेन. पाणी मात्र नाही.